दिवाळीच्या किल्ल्यासाठी उचलता पूल: ४० ग्रॅमची फळी, हाताचा रहाट आणि सगळ्या चाचण्या

दिवाळीच्या किल्ल्याला खंदक खणायची हौस आमच्या सोसायटीतल्या सगळ्या पोरांना, पण त्यावर पूल म्हणून दरवर्षी एक पुठ्ठा आडवा टाकलेला असायचा. तीन दिवाळ्यांपूर्वी भाच्याने विचारलं, मावशी, शत्रू आला की हा पूल वर का नाही घेता येत? तिथून हे सुरू झालं. तेव्हापासून आम्ही चार पूल बांधलेत, त्यातला पहिला ७१ ग्रॅमचा होता आणि उचलायला गेलो की बुरूजच पुढे झुकायचा, चौथा ३९ ग्रॅमचा आहे आणि सहा वर्षांची पोरगी दोन बोटांनी रहाट फिरवून तो उघडते. मधे काय बदललं ते सगळं इथे लिहितेय, मापांसकट, म्हणजे तुम्हाला तीन पूल वाया घालवायला लागणार नाहीत.

सगळ्यात आधी एक सांगते. उचलत्या पुलात प्रत्येक गोष्ट हलणाऱ्या भागाच्या वजनावर ठरते. त्या भागाला मी फळी म्हणते. दोरा किती मजबूत हवा, बुरूज कितपत पक्का हवा, रहाटाला दांडी किती लांब, हे सगळं फळीच्या वजनावरून निघतं, म्हणून आधी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या आणि मग गोंद उघडा.

मापं आणि सामान

माझी मापं अशी: फळी ३० सेमी लांब आणि १० सेमी रुंद, खंदक २६ सेमीचा म्हणजे पलीकडच्या काठावर फळीचं टोक नीट टेकतं, बुरूज ३० सेमी उंच. बुरूज फळीच्या लांबीइतकाच का ते पुढे येईल. हे सगळं एका ६०×२० सेमीच्या प्लायवर उभं करायचं, किल्ल्याच्या मातीवर थेट नाही. म्हणजे पूल घरात टेबलावर बांधता येतो, तपासता येतो आणि शेवटी उचलून किल्ल्यात बसवता येतो.

सामान पुण्यात एका फेरीत मिळतं. अप्पा बळवंत चौकात स्टेशनरीच्या दुकानात आइस्क्रीमच्या काड्या, ३०० जीएसएमचं (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरणारं) कार्डशीट, फेविकॉल. रविवार पेठेत बोहरी आळीत चार एमएमचे बारीक नट, प्लायचा तुकडा. बांबूच्या तीन एमएमच्या काड्या म्हणजे कबाबला वापरतात त्या, त्या किराणाच्या मोठ्या दुकानात असतात. दोरा मात्र गोधडीचा जाड सुती घ्या, त्याला मेणबत्ती घासली की तो कप्पीवरून गुळगुळीत सरकतो. तंगूस वापरू नका, तो ताणला जातो आणि गाठ सुटते, आमचा दुसरा पूल त्यामुळे रोज एक-दोन सेमी खाली लोंबकळायचा. मांजा तर लांबच ठेवा, बोटं कापतात.

बाल्सा लाकूड हलकं असतं हे खरं, एअरोमॉडेलिंगवाले तेच वापरतात, पण या मापाच्या पुलाला त्याची गरज नाही असं माझं मत आहे. काडीचा पूल नीट बांधला तर पुरेसा हलका होतो आणि पोरांच्या हातात टिकतो.

आधी कागदावर वजन मांडा

माझ्या काट्यावर २० काड्या २६ ग्रॅम भरल्या, म्हणजे एक काडी १.३ ग्रॅम. काडी ११.४ सेमी लांब, १ सेमी रुंद आणि २ एमएम जाड असते. आता हिशोब करा. दोन बाजूंना दोन तुळया, प्रत्येक तुळई दोन थरांची, मिळून साधारण ११ काड्या म्हणजे १४ ग्रॅम. आडव्या पट्ट्या सहा, ८ ग्रॅम. वरचा रस्ता कार्डशीटचा, ३०×१० सेमी म्हणजे ०.०३ चौरस मीटर, गुणिले ३०० केले की ९ ग्रॅम. तिरप्या बांबूच्या काड्या ३ ग्रॅम, गोंद वाळल्यावर ४ ग्रॅम. बेरीज ३८. याला आम्ही ४० धरतो.

हा हिशोब आधी केला की कुठे हात आखडायचा ते दिसतं. पहिल्या पुलात आम्ही सगळीकडे ग्लू गन वापरली होती आणि रस्त्यासाठी काड्या शेजारी शेजारी लावल्या होत्या, नुसत्या त्या रस्त्याचेच ३० ग्रॅमच्या वर झाले. कार्डशीट टाकलं की तेवढंच काम ९ ग्रॅममध्ये होतं, कारण रस्त्याला ताकद लागत नाही, ती तुळयांना लागते.

फळी

तुळईतली काडी आडवी नाही, उभ्या कडेवर ठेवायची. हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे आणि बहुतेक जण इथेच चुकतात. तीच काडी, तेच वजन, पण चपटी ठेवली तर जितकी वाकते त्याच्या पंचविसावा भाग उभी ठेवल्यावर वाकते. कारण वाकण्याला होणारा विरोध रुंदीच्या पटीत आणि उंचीच्या घनाच्या पटीत वाढतो, चपट्या काडीचं १०×२×२×२ म्हणजे ८०, उभ्या काडीचं २×१०×१०×१० म्हणजे २०००. प्लॅस्टिकची पट्टी हातात धरून दोन्ही बाजूंनी वाकवून बघायला सांगा मुलांना, समजावायची गरजच पडत नाही.

कागदावर ३० सेमीची रेघ मारा, त्यावर बटरपेपर किंवा प्लॅस्टिकची पिशवी पसरा नाहीतर तुळई कागदालाच चिकटते. काड्यांची गोल टोकं कापून घ्या, कात्रीने कापली तर उभी चीर जाते म्हणून कटरने दोन्ही बाजूंनी खाच पाडून मोडायची (हे काम मोठ्यांनी करा). पहिला थर टोकाला टोक लावून, दुसरा थर विटांच्या भिंतीसारखा सांधा चुकवून. एका थराचा सांधा दुसऱ्या थराच्या काडीच्या मध्यावर आला पाहिजे. फेविकॉल पातळ लावा, बाहेर आलेला बोटाने पुसून घ्या, कपड्याच्या चिमट्यांनी दाबून ठेवा आणि रात्रभर हात लावू नका. सुकलाय असं दोन तासांत वाटतं पण आतून ओला असतो, भार दिला की हळूहळू सरकतो.

दोन्ही तुळया झाल्या की १० सेमी अंतरावर समांतर उभ्या करून खाली सहा आडव्या पट्ट्या. मग पट्ट्यांच्या खालच्या अंगाला बांबूच्या काड्या तिरप्या, फुलीसारख्या. या तिरप्या काड्या गाळू नका, त्या नसतील तर फळी पिळली जाते, एक कोपरा आधी उचलतो आणि दुसरा मागे राहतो. टोकाची आडवी पट्टी दुहेरी करा, दोरा तिथेच बांधायचाय. कार्डशीट सगळ्यात शेवटी.

आता फळी काट्यावर ठेवा आणि आकडा वहीत लिहा. ४५ च्या वर गेला असेल तर पुढे जाऊ नका, कुठे जास्त झालंय ते आधी शोधा.

बिजागरी

लोखंडी बिजागरी खूप जड होते आणि चामड्याची किंवा टेपची बिजागरी ढिली पडते. आम्ही बांबूची तीन एमएमची काडी आस म्हणून वापरतो आणि ज्यूसच्या छोट्या खोक्याबरोबर येते ती बारीक स्ट्रॉ तिच्यावर सैलसर घालतो. स्ट्रॉचे दोन तुकडे फळीच्या मागच्या पट्टीला, बांबूची दोन्ही टोकं बुरुजाच्या पायात भोक पाडून. स्ट्रॉला फेविकॉल चिकटत नाही, म्हणून दोऱ्याने गुंडाळून बांधा आणि मग दोऱ्याला गोंद पाजा. बुरुजातल्या भोकाभोवती काडीचे दोन जादा तुकडे चिकटवा, याचं कारण चाचणीत कळेल.

फळी हाताने ४५ अंशांवर धरून सोडा. ती सरळ, न अडखळता खाली पडली पाहिजे. कुठे घासत असेल तर आत्ताच सॅंडपेपर मारा, नंतर तिथे हात जात नाही.

बुरूज किती उंच, आणि पहिला इंच जड का

भाच्याने रहाट फिरवताना विचारलेला प्रश्न मला फार आवडला होता, मावशी, सुरुवातीला एवढा जड लागतो आणि नंतर हलका का होतो? त्याचं उत्तर मी त्याच्या वहीत आकृती काढून शोधलं आणि एक सुंदर नियम निघाला. कप्पी बिजागरीच्या बरोब्बर वर असेल आणि दोरा फळीच्या टोकाला बांधला असेल तर

दोऱ्यातला ताण = फळीचं वजन × टोकापासून कप्पीपर्यंतच्या दोऱ्याची लांबी ÷ (२ × कप्पीची उंची)

म्हणजे ताण थेट दोऱ्याच्या लांबीच्या प्रमाणात. पूल खाली असताना दोरा सगळ्यात लांब, म्हणून तेव्हा सगळ्यात जड, आणि वर जाता जाता दोरा जेवढा आखूड होतो तेवढंच ओझं कमी होतं. कोन, साइन, कोसाइन काही नको, मोजपट्टी पुरते.

आता यावरून बुरुजाची उंची ठरवा. ४० ग्रॅमची, ३० सेमीची फळी आहे. बुरूज १० सेमी ठेवला तर पहिल्या क्षणी दोऱ्यात ६३ ग्रॅमचा ताण, म्हणजे फळीच्या वजनापेक्षाही जास्त. १५ सेमीला ४५, ३० सेमीला २८, ४५ सेमीला २४. दहावरून तीसला गेलो तर निम्म्याहून जास्त फायदा, तीसवरून पंचेचाळीसला गेलो तर चारच ग्रॅमचा, आणि उंच बुरूज हलतो ते वेगळंच. म्हणून बुरूज फळीच्या लांबीइतका.

दोरा बुरुजाला पुढेही ओढतो हे विसरू नका. २८ ग्रॅमच्या तिरप्या ताणातले २० ग्रॅम सरळ पुढे ओढतात आणि तेही ३० सेमी उंचीवर. आमचा पहिला बुरूज यामुळेच झुकला. उपाय सोपा आहे, मांडवाच्या खांबाला जसे ताण देतात तसे बुरुजाच्या डोक्यापासून मागे प्लायपर्यंत दोन दोरे ताणून बांधा. बुरूज जाड करण्यापेक्षा हे कितीतरी बरं, दोन दोऱ्यांचं वजन काहीच नसतं.

काउंटरवेट: एक वजन नको, साखळी हवी

उचलायला मदत म्हणून दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला वजन लटकवायचं हे सगळ्यांना सुचतं. आम्हीही २० ग्रॅमचं लटकवलं. सुरुवातीला झकास, २८ पैकी २० वजनाने उचलले आणि हाताला फक्त ८ राहिले. पण नियम पुन्हा बघा, दोरा ३० सेमीवर आला की लागणारा ताण २० वर येतो, तेव्हा फळी जमिनीपासून ३० अंशांवर असते, आणि त्यापुढे वजनच फळीला ओढून नेतं. ती धाडकन बुरुजावर आपटते. दोनदा असं झाल्यावर आमची टोकाची पट्टी सुटली.

रामेश्वरमच्या नव्या पांबन पुलाचा व्हिडिओ बघितला असेल तर तिथे असं होत नाही, कारण ६ एप्रिल २०२५ ला सुरू झालेल्या त्या पुलाचा ७२.५ मीटरचा भाग लिफ्टसारखा सरळ १७ मीटर वर जातो, वजन पहिल्यापासून शेवटपर्यंत तेवढंच, म्हणून एकसारखं काउंटरवेट चालतं. त्याच्या शेजारचा १९१४ चा जुना पूल दोन पाकळ्यांनी उघडायचा आणि तो माणसं हाताने लिव्हर फिरवून उघडत, तेही पाकळ्यांना मागे तोलाचं वजन होतं म्हणूनच शक्य होतं. लंडनचा १८९४ चा टॉवर ब्रिजही तसाच, एकेक पाकळी हजार टनांच्या वर पण बिजागरीच्या मागे तोललेली. तोच प्रकार मॉडेलमध्येही करता येतो, फळी मागे ६ सेमी वाढवून तिथे १०० ग्रॅम बसवायचे (४० × १५ = ६००, १०० × ६ = ६००), पण त्या मागच्या शेपटीला खाली जायला बुरुजात खड्डा लागतो आणि हलका पूल एकदम १४० ग्रॅमचा होतो. किल्ल्याला ते नको.

आपल्या पुलाला वजन असं हवं जे पूल वर जाता जाता कमी होत जाईल. फ्रेंच इंजिनियर पोन्सले याने १९व्या शतकात किल्ल्यांच्या पुलांना जड कड्यांची साखळी लावली होती ती याचसाठी. आपण नटांची माळ करायची. माळेचं एकूण वजन फळीच्या निम्मं आणि लांबी बुरुजाच्या उंचीइतकी. म्हणजे चार एमएमचे साधारण २५ नट, २० ग्रॅम, ३० सेमी दोऱ्यात सारख्या अंतरावर गाठी मारून. ही माळ दोन्ही बाजूंना निम्मी निम्मी वाटा, म्हणजे दोन माळा, प्रत्येकी १० ग्रॅम, पण लांबी दोन्हींची ३० सेमीच. पूल खाली असताना माळेचं वरचं टोक कप्पीपाशी आणि खालचं प्लायला जेमतेम टेकलेलं. पूल वर जायला लागला की एकेक नट प्लायवर बसतो आणि तेवढं वजन कमी होतं, बरोबर त्याच वेगाने ज्या वेगाने गरज कमी होते. हाताला सुरुवातीपासून फळी जवळजवळ ६६ अंशांवर जाईपर्यंत तेच ८ ग्रॅम लागतात, त्यानंतर सगळी माळ खाली बसलेली असते आणि उरलेलं ओझं आपोआप शून्याकडे जातं. कुठेच आपटत नाही. मी हे पहिल्यांदा करून बघितलं तेव्हा रात्री साडेअकरा वाजता एकटीच टेबलाशी बसून वीस वेळा तो पूल खालीवर केला. नट नको असतील तर तुळशीबागेतले काचेचे मणी चालतात, फक्त वजन करून घ्या.

रहाट

बांबूचीच काडी, तिच्यावर कागद गुंडाळून १ सेमी व्यासाचं रीळ, आणि ४ सेमीची दांडी. रहाटाचा दोरा एकच, फळीच्या टोकाच्या पट्टीच्या मधोमध बांधलेला, दोन बाजूंना दोन बांधले तर लांबी सारखी राहत नाही. एका फेऱ्याला ३.१ सेमी दोरा गुंडाळला जातो, फळी ७५ अंशांपर्यंत न्यायला ३४-३५ सेमी लागतो म्हणजे ११ फेरे. त्यापुढे नेऊ नका, बुरुजावर एक खुंटी लावून तिथेच अडवा. अगदी उभी झाली की तिचं वजन बिजागरीवरच येतं आणि दोरा सोडला तरी ती परत खाली यायचं नाव घेत नाही.

कप्पीसाठी शर्टाची दोन मोठी बटणं, मधे पुठ्ठ्याची लहान चकती. फिरली पाहिजे, नुसता खिळा लावून दोरा घासत ठेवला तर फरक किती पडतो ते लगेच खाली बघा.

चाचण्या

वहीत तारीख, फळीचं वजन आणि पुढचे आकडे लिहीत जा. पहिली चाचणी घर्षणाची, माळा न लावता. रहाटाचा दोरा रिळावरून सोडवून त्याला कागदी कप बांधा, कपाचं वजन आधी करून ठेवा, आणि सुई नसलेल्या २० मिलीच्या सिरिंजने कपात थोडं थोडं पाणी टाका. एक मिली पाणी म्हणजे एक ग्रॅम, यापेक्षा स्वस्त आणि अचूक वजनं मिळत नाहीत. फळी ज्या क्षणी उचलली जाते तो आकडा लिहा. मग फळी बोटभर वर धरून पाणी काढत जा आणि ती कधी खाली बसते तो आकडा लिहा. आमचे ३५ आणि २२ आले. दोन्हीची सरासरी २८.५, नियमाने २८ सांगितलं होतं, आणि सरासरीपासूनचा साडेसहा ग्रॅमचा फरक म्हणजे घर्षण. कप्पीऐवजी खिळा होता तेव्हा हेच आकडे ४६ आणि १७ होते. दोन आकड्यांमधलं अंतर मोठं असेल तर कुठेतरी घासतंय, अंतर कमी असूनही सरासरी नियमापासून लांब गेली तर वजन किंवा उंची चुकीची मोजलीये.

माळा लावून पन्नास वेळा उघडझाप करा, घाई न करता. दर दहानंतर गाठी बघा आणि आसेच्या टोकांना हात लावून बघा. सुटणाऱ्या गोष्टी बहुतेक पहिल्या वीसात सुटतात.

मग भार. पूल खाली, फळीच्या मध्यावर एक रुंद पट्टी आणि त्यावर पाण्याची बाटली, आधी अर्धा लिटर मग एक लिटर. प्रत्येक वेळी मधला भाग किती खाली गेला ते शेजारी उभ्या केलेल्या मोजपट्टीवर वाचा, पाच मिनिटं थांबा, परत वाचा, बाटली काढा, परत वाचा. एका किलोला आमची फळी दीड एमएमच्या आसपास वाकली आणि बाटली काढल्यावर पूर्ण सरळ झाली. बाटली काढूनही वाक राहिला तर सांधा सरकतोय, गोंद अजून ओला आहे किंवा थर नीट दाबला गेला नव्हता. पाच मिनिटांत वाक वाढत असेल तरी तेच.

मोडेपर्यंत भार द्यायचा असेल तर त्यासाठी वेगळी फळी बांधा, चष्मा घाला आणि खाली उशी ठेवा. आमचा तिसरा पूल २.२ किलोला गेला, पण तुळया शाबूत होत्या, बुरुजातलं आसेचं भोक फाटलं. मध्यावरच्या भाराचा निम्मा भाग बिजागरीवर जातो, म्हणजे आसेच्या दोन भोकांवर मिळून एक किलोच्या वर आलं होतं. भोकाभोवती जादा तुकडे लावायला सांगितले ते यामुळे. पूल मोडला की मुलांना लगेच तुकडे गोळा करू देऊ नका, आधी कुठून गेलं ते बघून चित्र काढायला लावा.

शेवटची चाचणी पंख्याची. पूल वर करून टेबलफॅन समोर ठेवा. वर गेलेली फळी शिडासारखी वारा धरते, हलत असेल तर मागचे ताण घट्ट करा.

मोटर लावायची असेल तर

बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत पिवळी बीओ मोटर (बॅटरीवर चालणारी लहान मोटर) मिळते, ६० आरपीएमवाली म्हणजे मिनिटाला ६० फेरे घेणारी घ्या. ११ फेरे म्हणजे ११ सेकंदांत पूल वर. ओझं ८ ग्रॅमचं असल्याने तिला काहीच त्रास होत नाही. वर खुंटीपाशी एक लिमिट स्विच (फळी टेकली की मोटर बंद करणारं बटण) लावलाच पाहिजे, नाहीतर मोटर फिरत राहते आणि दोरा किंवा पट्टी तोडते. माझं म्हणाल तर पहिला पूल हाताच्याच रहाटाचा करा, ओझं बोटांना कळतं.

किल्ल्यात बसवताना

माती ओली असते, प्लायखाली प्लॅस्टिक घाला आणि फळीला दोन पातळ हात वॉर्निशचे, जाड हात दिला तर वजन वाढतं. आमची बिनवॉर्निशची फळी पावसाळ्यात दीड-दोन ग्रॅमने जड झाली होती, म्हणून जुलैमध्ये बांधली असेल तर दिवाळीच्या आधी पुन्हा काट्यावर ठेवा आणि माळेतले नट त्याप्रमाणे कमीजास्त करा. खंदकात खरं पाणी भरायचं असेल तर माळा जिथे उतरतात ती जागा कोरडी पाहिजे, ओले नट गंजून दोऱ्याला चिकटतात. किल्ला मोडला की माळा काढून डबीत ठेवा, रहाटाचा दोरा सैल करा आणि फळी सपाट जागी ठेवा, ताणून ठेवली तर वर्षभरात ती वाकडी होते.